चौदा स्पर्धा, एक उत्तेजनार्थ: आता पुढे पाठवू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांत चौदा कथास्पर्धांना कथा पाठवल्या. एकदा उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं, बाकी तेरा वेळा नुसती शांतता. परीक्षक कथा खरंच वाचतात का? शुल्क घेणाऱ्या स्पर्धांना पाठवावं का? आणि इतक्या वेळा यादीत नाव आलं नाही, तर आपल्याला लिहिता येत नाही असं समजायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिले दोन त्याच्याच पोटातून आलेले दिसतात. नाही, तसं समजू नका. पण ‘परीक्षकांना काय कळतंय’ असंही समजू नका. ते समाधान स्वस्त असतं आणि त्यानं कथा सुधारत नाही. चौदा निकालांवरून तुमच्या लेखनाबद्दल फार थोडं कळतं. कुठली कथा कुठे पाठवली, कधी पाठवली, पाठवण्याआधी किती दिवस बाजूला ठेवली होती, याबद्दल मात्र बरंच कळतं. मी गेली पंचवीसेक वर्षं कथा लिहितेय. पहिली दहा वर्षं सपाटून स्पर्धांना पाठवायचे, आणि सपाटून पडायचे. नंतर हळूहळू टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ आली. तिथून जे दिसलं ते आधी सांगते.

पहिल्यांदा मला प्राथमिक फेरीचं वाचन दिलं गेलं तेव्हा एकशे दहा कथा आल्या होत्या आणि हातात तीन आठवडे होते. दिवसाची नोकरी सांभाळून. म्हणजे रोज रात्री पाच-सहा कथा. मी प्रामाणिकपणे ठरवलं होतं की प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचायची, आणि पहिले चार दिवस तसं केलंही. पाचव्या दिवशी लक्षात आलं की काही कथांचं काय होणार हे दुसऱ्या पानावरच कळतंय. त्यानंतर अशा कथांचा शेवट मी चाळून पाहायला लागले. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण शेवटाकडे उडी मारून मी एकदाही चकित झाले नाही. तेव्हा परीक्षक वाचतात का, तर हो, वाचतात. पण त्यांनी पुढे वाचावं ही सोय कथेनं करून द्यावी लागते.

प्राथमिक फेरीत पडणाऱ्या कथा वाईट लिहिलेल्या असतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरोखर वाईट कथा थोड्या असतात, आणि त्या वेळही खात नाहीत. पडतात त्या नीटनेटक्या, शुद्ध, आणि एकमेकींसारख्या कथा. फोन वाजतो आणि मृत्यूची बातमी येते. खिडकीबाहेर पाऊस पडतोय आणि नायिकेला जुनं सगळं आठवतंय. वृद्धाश्रमाच्या बाकावरचे आजोबा. शेवटच्या ओळीत कळतं की निवेदक केव्हाच मेलेला आहे. यातला एकही विषय त्याज्य नाही. पण एका रात्रीत तिसरी पावसाळी खिडकी उघडली की वाचणाऱ्याचा चेहरा काय होतो, ते मी आरशात पाहिलंय.

विषय दिलेल्या स्पर्धांमध्ये तर हे फारच होतं. एकदा ‘परतीचा प्रवास’ असा विषय होता. निम्म्याहून जास्त कथांमध्ये माणसं रेल्वेत किंवा बसमध्ये बसली होती, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक निवृत्त होत होती. एका कथेत एक बाई दुकानात साडी परत करायला जाते, एवढंच. पावती हरवलेली असते आणि दुकानदाराशी हुज्जत चालू असते. ती कथा तिघाही परीक्षकांच्या पहिल्या पाचांत होती. भाषा साधीच होती, शेवट तर जरा लंगडाच होता. पण लिहिणारीनं विषय वाचून मनात आलेल्या पहिल्या तीन कल्पना टाकून दिल्या असणार, हे दिसत होतं. तुम्हालाही हेच सांगेन: विषय मिळाला की सुचतील त्या कल्पना कागदावर एकाखाली एक लिहा आणि चौथीपासून विचार सुरू करा. वरच्या तीन शेजारच्या माणसालाही सुचलेल्या असतात.

आता निकाल कसा लागतो याविषयी. लेखकांना हे कुणी सांगत नाही, आणि तुमच्या मनाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होत असणार. पुष्कळ स्पर्धांमध्ये परीक्षक एकत्र बसत नाहीत. प्रत्येकजण घरी गुण देतो आणि आयोजक बेरीज करतात. समजा दहापैकी गुण आहेत आणि तीन परीक्षक आहेत. पहिली कथा तिघांनाही बरी वाटली: सात, सात, सात. बेरीज एकवीस. दुसरी कथा एकाला विलक्षण वाटली, दुसऱ्याला आवडलीच नाही, तिसरा द्विधेत: दहा, चार, सहा. बेरीज वीस. पारितोषिक पहिलीला. म्हणजे बेरजेची पद्धत कुणालाही न खटकणाऱ्या कथेच्या बाजूनं झुकते. धाडसी, तिरपी, वाचकाला अडचणीत टाकणारी कथा तिथे चौथी-पाचवी येते, आणि चौथ्या-पाचव्याला आपल्याकडे म्हणतात उत्तेजनार्थ. तुमची ती एक कथा तशी होती की नाही मला माहीत नाही, पण शक्यता तपासून पाहा. परीक्षक समोरासमोर बसून भांडतात तिथे उलट होतं. दहा गुण देणारा माणूस टेबलावर हात आपटून बाकीच्यांना पुन्हा वाचायला लावू शकतो. मी स्वतः एका कथेसाठी असं दीड तास भांडलेय. हरले, पण ती कथा दुसरी तरी आली.

म्हणून स्पर्धेच्या पत्रकात परीक्षण कसं होणार हे दिलेलं असेल तर ते वाचा. चर्चा होणार असेल तर तिरपी कथा पाठवा. गुणांची बेरीज असेल तर अशी कथा पाठवा जिचा पाया पक्का आहे. यात काही तडजोड नाही. दोन्ही कथा तुमच्याच आहेत, फक्त कुठली कुठे द्यायची एवढाच प्रश्न.

परीक्षक चुकतात का? चुकतात, आणि हे फार जुनं आहे. अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. इ.स.पू. 431 मध्ये तिथे युरिपिडीसनं ‘मिडिया’ सादर केलं आणि तीन नाटककारांत त्याचा क्रमांक तिसरा आला. म्हणजे शेवटचा. पहिला आलेला युफोरियन आज किती जणांना माहीत आहे? अगदी अलीकडे 2019 साली बुकर पारितोषिकाच्या परीक्षकांना एक पुस्तक निवडता आलं नाही. एकालाच द्यायचं असा नियम स्पष्ट होता, तो बाजूला ठेवून त्यांनी मार्गारेट अॅटवूड आणि बर्नर्डिन एव्हरिस्टो या दोघींना ते विभागून दिलं. जगातली इतकी मातब्बर मंडळी नियम मोडेपर्यंत येतात, तर तुमच्या-माझ्या कथेवर तीन माणसांचं एकमत न होणं यात नवल ते काय.

पण मला सगळ्यात आवडणारा पुरावा रोबेर्तो बोलान्यो यांचा आहे. ते चिलीचे. पुढे जगभर गाजले, पण त्याआधी स्पेनमध्ये राहून तिथल्या लहान-मोठ्या नगरपालिकांच्या साहित्यस्पर्धांना नेमानं पाठवायचे, आणि त्या पैशांचा त्यांना घर चालवायला आधार होता. त्यांच्या एका छोट्या कादंबरीचं एका ठिकाणी पहिलं पारितोषिक हुकलं. तीच कादंबरी नाव बदलून दुसऱ्या नगरपालिकेकडे गेली आणि तिला पारितोषिक मिळालं. हे त्यांनीच नंतर प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. बदललं होतं ते नाव आणि परीक्षकांची टेबलं. (नावं बदलून पाठवण्याची ही युक्ती मी सुचवत नाहीये. आता बहुतेक नियमावल्या एकाच वेळी दोनकडे पाठवायला मनाई करतात, आणि पकडलं गेलं की नाव खराब होतं. मात्र एका स्पर्धेचा निकाल लागल्यावर तीच कथा दुसरीकडे पाठवण्यात काहीच गैर नाही, आणि नवे लेखक नेमकं तेच करायला लाजतात.)

माझी स्वतःची एक कथा चार ठिकाणी पडली. पाचव्या ठिकाणी पहिली आली. मधल्या काळात मी तिच्यातला एक पूर्ण प्रसंग काढला होता, त्यामुळे ‘तीच कथा’ असं म्हणणं पूर्ण खरं नाही. तो प्रसंग मला सर्वांत लाडका होता. चौथ्यांदा पडल्यावर रागाच्या भरात वाचायला घेतली आणि लक्षात आलं की तिथे मी पात्रांना बाजूला सारून स्वतः बोलत बसलेय. पहिल्यांदा पडली तेव्हा तशीच उचलून दुसरीकडे धाडली होती. दुसऱ्यांदाही तसंच. म्हणजे तीन वर्षं वाया गेली ती परीक्षकांमुळे गेली नाहीत.

आता ज्या चुका लाज वाटण्यासारख्या आहेत, पण होतात. एका स्पर्धेला कथा पाठवली. नियम होता की कथेवर लेखकाचं नाव कुठेही नको. मी पहिल्या पानावरचं नाव काढलं. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात माझं नाव आपोआप छापलं जात होतं, ते राहिलं. प्रवेशिका बाद. कळवलं देखील नाही, वर्षभरानं ओळखीतून समजलं. तेव्हापासून मी फाइल पाठवण्याआधी तिची पीडीएफ करून मोबाइलवर उघडून पाहते, आणि फाइलच्या माहितीत लेखक म्हणून कुणाचं नाव दिसतंय तेही बघते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर समोरच्याच्या संगणकावर ‘प्रिय’चं काय होईल याचा भरवसा नाही. एका फेरीत मला एक अख्खी कथा चौकोनी डब्यांच्या रूपात मिळाली होती. आयोजकांनी ती पुन्हा मागवली, पण प्रत्येक ठिकाणी इतका चांगुलपणा मिळेल असं नाही.

टापटीप महत्त्वाची असते का, असं मला कुणी विचारलं की मी एडगर अॅलन पोची गोष्ट सांगते. 1831 मध्ये त्यानं फिलाडेल्फियातल्या एका साप्ताहिकाच्या कथास्पर्धेला कथा पाठवल्या. बक्षीस शंभर डॉलरचं होतं, ते दुसऱ्याच लेखिकेला मिळालं. पण त्याच साप्ताहिकानं पुढच्या वर्षी त्याच्या पडलेल्या पाच कथा छापल्या. 1833 मध्ये बाल्टिमोरच्या एका साप्ताहिकाची स्पर्धा निघाली. या वेळी त्यानं सहा कथा एका छोट्या वहीत, छापल्यासारख्या सुबक अक्षरात उतरवून पाठवल्या. त्या वहीच्या देखणेपणाची आठवण एका परीक्षकानं पुढे आवर्जून सांगितली होती. कथेचं पन्नास डॉलरचं बक्षीस पोला मिळालं. कवितेसाठीही त्यानं प्रवेशिका पाठवली होती. ते बक्षीस गेलं हेन्री विल्टन नावाच्या कवीला, आणि हा विल्टन म्हणजे टोपणनावानं उतरलेला त्याच साप्ताहिकाचा संपादक! पो भडकला, साहजिकच होतं. आयोजकांच्या जवळच्या माणसांनी भाग घेऊ नये हा नियम आज पत्रकात दिसला तर त्यामागे असे दीड-दोनशे वर्षांचे अनुभव आहेत. आणि दिसला नाही, तर जरा थांबून विचार करा.

शब्दमर्यादेबद्दल एक गोष्ट खास मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. आपली विभक्ती शब्दाला चिकटते. ‘शेजारणीच्या मुलीलासुद्धा’ हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्याचे पाच होतात. म्हणून मराठीतली दोन हजार शब्दांची कथा इंग्रजीतल्या दोन हजारांपेक्षा बरीच भरलेली असते, आणि अनुवाद झाला की फुगते. राष्ट्रकुल कथा पारितोषिकाची स्पर्धा भारतीय लेखकांना खुली आहे, तिला शुल्क नाही, आणि इतर भाषांतल्या कथांचा इंग्रजी अनुवाद तिथे चालतो. 2020 चं तिथलं मुख्य पारितोषिक भारताच्या कृतिका पांडे यांना मिळालं. या स्पर्धेची मर्यादा 2000 ते 5000 शब्दांची असते. तुमची मराठी कथा साडेचार हजारांची असेल तर अनुवादात ती वरची रेषा ओलांडण्याची शक्यता फार. तेव्हा कापायचं ते अनुवाद करण्याआधी मराठीतच कापा. अनुवादकाच्या हातून कापणं म्हणजे शेजाऱ्याकडून केस कापून घेणं.

शुल्काचा प्रश्न. मी सरसकट विरोधात नाही. परीक्षकांना मानधन द्यायला पैसे लागतात, आणि फुकट वाचून घेणाऱ्या स्पर्धेत वाचन कसं होत असेल याची कल्पना करवत नाही. माझा हिशेब सोपा आहे: सगळ्या बक्षिसांची एकूण रक्कम भागिले प्रवेश शुल्क. उत्तर पन्नास आलं, तर एक्कावन्नाव्या प्रवेशिकेपासून बक्षिसांचा खर्च निघालेला आहे. पाचशेच्या आसपास आलं तर आयोजक स्वतःच्या खिशात हात घालतायत किंवा कुणी प्रायोजक आहे. पहिल्या प्रकारात परीक्षकांची नावं आधी जाहीर झालेली नसतील आणि गेल्या वर्षीच्या विजेत्या कथा कुठे वाचायला मिळत नसतील, तर मी पाठवत नाही. जिंकणाऱ्या प्रत्येकाची कथा पुस्तकात येणार, पण त्याच्या अमुक इतक्या प्रती त्यानं विकत घ्यायच्या, असं असेल तर ती स्पर्धाच नव्हे.

शुल्कापेक्षा मला भीती वाटते ती हक्कांच्या कलमाची. ‘पाठवलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील’, हे वाक्य किती निरागस दिसतं! ‘सर्व’ या शब्दाकडे बघा. पडलेल्या कथांचेसुद्धा. अशा ठिकाणी पाठवणं म्हणजे कथा दान करणं. योग्य कलम असं असतं: विजेती कथा एकदा प्रसिद्ध करण्याचा हक्क आयोजकांचा, तोही ठरावीक मुदतीसाठी, बाकी सगळं लेखकाचं. दुसरं कलम संपादनाचं. मजकुरात बदल करायचा तर लेखकाला विचारून, असं लिहिलेलं हवं. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या एका कादंबरीला कोलंबियात पारितोषिक मिळालं आणि 1962 मध्ये ती स्पेनमध्ये छापली गेली. तिथल्या शुद्धलेखन तपासणाऱ्यानं तिची लॅटिन अमेरिकी बोली माद्रिदच्या वळणाची करून टाकली. मार्केसनी ती आवृत्ती नाकारली आणि 1966 मध्ये मेक्सिकोत कादंबरी पुन्हा छापून तीच पहिली मानली. माझ्या बाबतीत इतकं भव्य काही घडलं नाही. एका स्पर्धेच्या संग्रहात माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेद पानात मावला नाही म्हणून उडवला गेला, बस. अजूनही तो संग्रह कुणाच्या कपाटात दिसला की मी नजर वळवते.

आणखी दोन बारीक गोष्टी. कथा स्वतःच्या ब्लॉगवर किंवा फेसबुकवर टाकली असेल तर पुष्कळ ठिकाणी ती ‘पूर्वप्रकाशित’ धरली जाते. मित्रांच्या कौतुकाची घाई झाली असेल तर त्यांना ईमेलनं पाठवा. आणि यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लिहून घेण्याबद्दल नियमावलीत काय आहे ते पाहा. जपानमध्ये जानेवारी 2024 मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळालेल्या रिए कुदान यांनी पुस्तकाचा सुमारे पाच टक्के भाग अशा यंत्रानं तयार केल्याचं मोकळेपणी सांगितलं, त्यावर बरीच चर्चा झाली. तेव्हा घोषणापत्र मागितलं असेल तर खरं लिहा. पकडलं जाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्या वाक्यावर सही करायची ते वाचून करावी.

मी काय करते ते सांगते, घ्यायचं तेवढं घ्या. एक वही आहे. डाव्या पानावर कथेचं नाव, पाठवल्याची तारीख, स्पर्धा, निकालाची अपेक्षित तारीख. उजवं पान रिकामं. निकाल लागला, नाव नसलं, की त्या दिवशी काहीच करत नाही. आठवड्यानं कथा काढून मोठ्यानं वाचते आणि उजव्या पानावर फक्त एवढंच लिहिते की वाचताना जीभ कुठे अडखळली आणि मन कुठे उडालं. पारितोषिकप्राप्त कथा मिळाल्या तर त्याही वाचते, पण दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी वाचल्या तर प्रत्येक कथेत खोट दिसते. एका वेळी बाहेर तीनपेक्षा जास्त कथा नसतात, आणि वर्षाला सहाच्या वर स्पर्धा नाहीत. मुदतीच्या आदल्या रात्री संपवलेली कथा पाठवायची नाही, ती पुढच्या मुदतीला. चौदापैकी किती कथा तुम्ही शेवटच्या दिवशी पाठवल्या होत्या, हे मला खरं तर ऐकायचंय.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाहीच: त्या उत्तेजनार्थ कथेचं पुढे काय झालं? कुठे छापली गेली का? नसेल, तर हक्कांचं कलम आधी बघा, आणि हक्क तुमच्याकडे असतील तर ती एखाद्या मासिकाच्या संपादकाकडे पाठवा. सोबतच्या पत्रात पारितोषिकाचा उल्लेख एका ओळीत करा, जास्त नको. पडलेल्या तेरांपैकी ज्या दोन तुम्हाला अजूनही परक्याच्या वाटत नाहीत, त्या बाजूला काढा. उरलेल्या अकरा काही दिवस पेटीत राहिल्या तरी चालेल.